तीनच्या खेळाला पावणेदोन

इंदू भाटकर म्हटलं की आमच्या वेळच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या बायका अजूनही एकच शब्द बोलतात, "ताठ!" पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही, बाजूला येऊन कुणी काही विचारलं तर मान हलवायची नाही. सुरुवातीला मीही त्यांच्यासारखंच म्हणत होते. पुढे मला खरं काय ते कळलं. आणि मला ते कळलं, त्यातूनच तिचं वाईट झालं.

मी लांज्याकडच्या एका खेड्यातून रत्नागिरीला नोकरीला आले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. बाहेरगावचे कॉल हाताने जोडून द्यायच्या ट्रंक बोर्डावर आम्ही सात-आठ जणी. इंदूताई त्यात सगळ्यांत जुनी, पस्तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. उंच, सावळी, शिडशिडीत. केस असे विंचरायची की दोन्ही कान झाकले जावेत, आणि मोसम असला की त्यावर सुरंगीच्या फुलांचा वळेसर. मांडवीला घर. वडील पूर्वी गलबतावर तांडेल होते. मी आले त्याच्या आधल्याच वर्षी गेले होते. मुंबईतला एक भाऊ गणपतीत यायचा तेवढाच.

बोर्डावर बसली की मात्र ती वेगळी बाई असायची. उजव्या कानाला हेडसेट लावला, पदर खोचला, की हात झपझप चालायचे. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. "तुमचा मुंबईचा कॉल आज लागेलसं दिसत नाही हो, लाईन खराब आहे. मी प्रयत्न सोडत नाही, तुम्ही फोनजवळून हलू नका," असं ती सांगायची, आणि समोरचा माणूस निमूट फोनजवळ बसून राहायचा. तिच्या हातून चुकीचा नंबर जोडला गेल्याचं मला तरी आठवत नाही.

पहिला महिनाभर मी तिला अहोजाहो करायचे. एक दिवस म्हणाली, "मी काय तुझी सासू आहे? तू म्हण गो." आणि लगेच, "रविवारी सिनेमाला येतेस काय? तीनचा खेळ. पावणेदोनला दारात ये."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पावणेतीन ना?"

"पावणेदोन," ती म्हणाली. "एक वाजून पंचेचाळीस."

बाजारपेठेतलं ते थिएटर तेव्हा गावातल्या सगळ्यांचं रविवारचं ठिकाण होतं. तिकिटावर खुर्चीचा नंबर नसायचा. नुसता वर्ग लिहिलेला. आत शिरलं की पळत जाऊन जागा धरायची. बायकांची खिडकी सव्वादोनला उघडायची, आतलं दार अडीचला. तरीसुद्धा सव्वा तास आधी जाऊन करायचं काय, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी जेवले, जरा आडवी झाले, साडी बदलली आणि पावणेतीनला ऐटीत पोचले.

इंदूताई दोन तिकिटं हातात धरून पायरीवर उभी होती. एकटीच. बाकीचे सगळे आत गेले होते. रागावली नाही. "चल," एवढंच म्हणाली. आत गेलो तर उजव्या अंगाला, मध्येच, दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी खूश. पडदा समोर, डोक्यावर पंखा. सिनेमा सुरू झाला आणि पाचएक मिनिटांत इंदूताई उठली. "तू बस," म्हणाली आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडली. मला वाटलं, बाथरूमला गेली असेल. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा पाहिलं, तर ती पार डाव्या भिंतीला टेकून उभी होती. मी बोलवायला गेले. "इथे बरं वाटतं," म्हणाली. उरलेला अर्धा सिनेमाही तिने तसाच भिंतीशी उभं राहून पाहिला.

परत जाताना मी मनात म्हटलं, केवढा हट्ट हा. बायका सांगतात ते खोटं नाही. रामआळीच्या कोपऱ्यावर ती थांबली आणि म्हणाली, "शैले, उशिरा येणाऱ्याला खुर्ची मिळते, जागा नाही मिळत. पुढच्या वेळेला पावणेदोन."

पुढच्या वेळेला मी पावणेदोनला हजर होते. आणि मग चार वर्षं, महिन्यातून दोनदा तरी, पावणेदोन चुकवलं नाही.

खरं सांगायचं तर पुढे पुढे मला सिनेमापेक्षा तो आधीचा सव्वा तासच जास्त आवडायला लागला. थिएटरच्या पायऱ्यांवर सावलीची एक पट्टी असायची, त्यात आम्ही दोघी बसायचो. मला ती नेहमी तिच्या उजव्या हाताला बसवायची. पिशवीतून भाजलेले काजू निघायचे, कधी फणसपोळी. डोअरकीपर गणपतमामा आतून फाटकाशी यायचे आणि म्हणायचे, "इंदूबाय, आजचा सिनेमा काय ठीक नाय हां. घरी जाऊन झोपा." ती म्हणायची, "मामा, तुम्ही दार उघडायचं बघा, सिनेमाचं आम्ही बघतो." त्या सव्वा तासात तिने मला काय काय सांगितलं! गलबत मंगळूरहून कौलं घेऊन यायचं तेव्हा वडील मासा न खाता एक महिना कसा काढायचे, भाटकरांच्या चार घरांत मिळून एकच छत्री कशी होती, आणि मांडवीच्या धक्क्यावर बोट लागायची तेव्हा सात वर्षांची इंदू ओळखीचं कुणी नसतानाही उतारूंना हात कशी करायची. बोर्डावर वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणारी ही बाई स्वतःचं बोलणं त्या पायरीवर बोलायची.

अडीचला दार उघडलं की मात्र गप्पा तिथेच तोडून ती सुटायची. पळायची नाही, पण असे लांब लांब ढेंगा टाकायची की मला मागून धावावं लागे. डाव्या भिंतीकडची, अकराव्या रांगेतली पहिली खुर्ची तिची. तिच्या उजवीकडची माझी. दुसरीकडे कुठेही बसायचं नाही. मी सुरुवातीला सुचवून पाहिलं. "मध्ये पंख्याखाली बसूया ना, किती उकडतंय."

"पंखा बडबडतो," ती म्हणाली.

त्या थिएटरच्या खुर्च्यांची तिला खडानखडा माहिती होती. कुठल्या खुर्चीचा खिळा साडी फाडतो, कुठलीत ढेकूण आहेत, पावसाळ्यात कौल कुठे गळतं, कुठल्या दाराचा पडदा नीट लागत नाही आणि पडद्यावर उन्हाची चीर पडते. ओळखीच्या बायका विचारायच्या, "इंदूताई, आम्ही पाच जणी आहोत, कुठे बसू गो?" ती त्यांना नेमकी जागा सांगायची. फक्त स्वतःची खुर्ची कुणाला द्यायची नाही.

एकदा मात्र कमाल झाली. दिवाळीचा सिनेमा, तुडुंब गर्दी. आम्ही आत शिरतो तर आमच्या अख्ख्या रांगेवर रुमाल टाकलेले. कुणा बड्या बागायतदाराचं कुटुंब यायचं होतं, त्यांच्या माणसाने बाजूच्या दाराने आत येऊन जागा धरल्या होत्या. इंदूताईने दोन रुमाल उचलले, नीट घड्या घातल्या, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि बसली. तो माणूस धावत आला. आमच्या मागच्या रांगेत, भिंतीशी उभं राहून, तिच्या डाव्या खांद्यावरून बोलायला लागला.

"ओ बाई, जागा धरलेली आहे. दिसत नाय काय?"

इंदूताई पडद्याकडे बघत होती. हूं नाही की चूं नाही.

"मी तुमच्याशी बोलतोय. कोणाची माणसं आहेत म्हायत आहे काय तुम्हाला?"

ती काजू खात होती. तो माणूस आणखी दोनदा काहीतरी बोलला, आवाज चढवला, आणि शेवटी आजूबाजूचे हसायला लागले तसा रुमाल घेऊन निघून गेला. तेव्हा कुठे ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणत होता तो?" मी म्हटलं, "काय म्हणजे! जागा धरलीय म्हणत होता." ती म्हणाली, "रुमाल सिनेमा बघतो काय? माणूस बघतो." मी खो-खो हसले. सोमवारी ऑफिसात रंगवून सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, "पण काय गो ताठा! त्याच्याकडे बघितलंनसुद्धा नाही?" मीही कौतुकाने म्हटलं, "नाही म्हणजे नाही."

त्याचा अर्थ मला पुढच्या उन्हाळ्यात कळला. सिनेमा संपल्यावर आम्ही कधीकधी चालत मांडवीपर्यंत जायचो. त्या दिवशी मी तिच्या मागे चार पावलं होते, चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून. मागून, तिच्या डाव्या अंगाने, एक सायकलवाला घंटी वाजवत, ओरडत, उतारावरून सुसाट आला. ती तशीच चालत राहिली. मी धावत जाऊन तिचा दंड धरून खेचलं. सायकल तिच्या पदराला घासून गेली. तिच्या हातातली पिशवी पडली, काजू रस्त्यावर सांडले.

मी ओरडलेच, "लक्ष कुठे आहे तुझं?"

ती खाली बसून काजू वेचायला लागली. मग तिथेच, चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर बसली आणि मला उजवीकडे बसायची खूण केली.

"डावा कान नाही मला," ती म्हणाली. "आहे, पण नुसता दाखवायला. सातव्या वर्षी गालफुगी झाली. ताप उतरला तेव्हा गेला होता. घरात वर्षभर कुणाला कळलंच नाही. आमच्याकडे सगळेच ओरडून बोलणारे, गलबतावरची माणसं."

मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. डावी भिंत, म्हणजे डावीकडे बोलणारं कुणी नको. मी नेहमी उजवीकडे. पंखा नको. रुमालवाला.

"आणि बोर्डावर?"

"बोर्डाला एकच कान लागतो गो," ती हसली. "तिथे सगळे सारखेच. तुम्ही दोन कानांच्या बाया तिथे एकाच कानाने ऐकता ना? म्हणून तर मला तिथे बरं वाटतं."

"मग ऑफिसात सांगत का नाहीस? सगळ्या तुला ताठ म्हणतात."

"म्हणू देत. ताठ म्हणाल्या तर घाबरून असतात. बहिरी म्हणाल्या की लगेच सांभाळून घ्यायला लागतील." तिने काजूवरची माती फुंकरून काढली. "एकदा एक स्थळ आलं होतं. वडिलांनी आधीच सांगून टाकलं, सरळ माणूस. ते लोक चांगले होते, नकार दिला नाही. पण त्या मुलाची आई माझ्याशी एवढं मोठ्याने आणि एवढं सावकाश बोलायला लागली, जशी काय मी दोन वर्षांची आहे. मीच नको म्हटलं. शैले, तू कुणाला बोलू नकोस हां. शपथ-बिपथ नको. नुसतं बोलू नकोस."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

आणि दीड वर्ष बोलले नाही.

आमच्याकडे नवीन सुपरवायझर बाई बदलून आल्या. चांगल्या होत्या, शिस्तीच्या. आल्यापासून आठ दिवसांत इंदूताईला त्यांनी दोनदा मागून हाक मारली होती आणि दोन्ही वेळा ती वळली नव्हती. दुपारच्या चहाला आम्ही पाच-सहा जणी बसलो होतो, इंदूताई बोर्डावर होती. बाई म्हणाल्या, "या भाटकर स्वतःला समजतात कोण? मी काय हवेशी बोलते?" झालं, सगळ्यांना तोंड फुटलं. कुणी दहा वर्षांपूर्वीचं काही काढलं, कुणी म्हणालं, लग्न नाही झालं ते उगीच नाही. सगळ्या हसल्या.

मला राहवलं नाही. हातातला कप आपटून मी म्हटलं, "तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही! लहानपणापासून! काही माहीत नसताना कशाला बोलता?"

मला क्षणभर बरं वाटलं, हे मी लपवत नाही. मैत्रिणीची बाजू घेतली, सगळ्यांची तोंडं बंद केली असं वाटलं. दुसऱ्याच क्षणी बाईंचा चेहरा कळवळला, "अरेरे, बिचारी!" त्या म्हणाल्या.

मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, तिला कळू देऊ नका. सगळ्यांनी कबूल केलं. पण संध्याकाळची पाळी बदलेपर्यंत एक जण तिच्या समोर येऊन, तोंडाचा मोठा आ करून विचारत होती, "इं-दू-ता-ई, च-हा घे-णार?" दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या मागे मुद्दाम पळी पाडून पाहिली. बाईंनी प्रेमाने केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होत असेल तर बोर्डाऐवजी टेबलाचं काम देऊ का? तुमच्या मैत्रिणीला तुमची किती काळजी आहे! तिनेच सांगितलं म्हणून आम्हाला कळलं." हे मला बाईंनीच नंतर सांगितलं, माझं कौतुक करत.

इंदूताई मला काहीच बोलली नाही. बोर्डावर शेजारी बसून लाईन जोडत राहिली. मी चार दिवस तिच्यासमोर जायचं धैर्य गोळा करत होते. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज काहीतरी निमित्त काढून घरी जायचे.

मग रविवार आला. मी दीड वाजताच थिएटरवर गेले. पहिल्यांदा तिच्या आधी. पायरीवर बसून राहिले. पावणेदोन झाले, दोन झाले, ती आली नाही. सव्वादोनला मी दोन तिकिटं काढली. दार उघडल्यावर धावत जाऊन अकराव्या रांगेतल्या भिंतीकडच्या दोन्ही खुर्च्या धरल्या. तिच्या खुर्चीवर हात ठेवून बसले.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ती आली. तिकीट तिचं तिने काढलं होतं. मी उभी राहून हात केला. तिने पाहिलं. माझ्याकडे आली, अगदी रांगेच्या तोंडाशी. मी म्हटलं, "ये ना, जागा ठेवलीय."

"तू बस," ती म्हणाली. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. नेहमीसारखाच आवाज होता.

आणि ती पुढे गेली. दोन रांगा पुढे, अगदी मध्यावर, खडखडणाऱ्या पंख्याखाली एक खुर्ची उरली होती. दोन्ही बाजूंना अनोळखी बायका, त्यांच्या मांडीवर पोरं. ती त्यांच्यामध्ये जाऊन बसली. डावीकडच्या बाईने तिला काहीतरी विचारलेलं मी पाहिलं. इंदूताई समोर बघत राहिली. बाईने पुन्हा विचारलं आणि मग तोंड वाकडं करून दुसरीकडे वळली.

त्या सिनेमात काय होतं ते मला आठवत नाही. मी अडीच तास तिच्या पाठीकडे बघत होते. सगळं थिएटर हसायचं तेव्हा ती एक क्षण उशिरा मान हलवायची. तिला तिथे धड ऐकू येत नव्हतं, हे त्या थिएटरात फक्त मला माहीत होतं. सिनेमा संपल्यावर गर्दीतून मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती निघून गेली.

महिन्याभरात तिने राजापूरला बदली मागितल्याचं कळलं. बाईंनी अडवून पाहिलं, पण तिचं ठरलं होतं. निरोपाच्या दिवशी पेढे वाटले. माझ्याही हातावर ठेवला, म्हणाली, "पाळीला उशीर करू नकोस." बस्स. मांडवीचं घर भावाने भाड्याने दिलं.

मी दोनदा पत्र लिहायला घेतलं. दोन्ही वेळा चार ओळींतच 'मी तुझी बाजू घ्यायलाच गेले होते' असं वाक्य आलं, आणि ते वाचून माझीच मला लाज वाटली. फाडून टाकलं.

तीन वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, कणकवलीला सासरी जाताना आमची एस.टी. राजापूरला थांबली. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं. मी खिडकीतून पाहते तर स्टँडवर, चहाच्या टपरीजवळ, इंदूताई. हातात भाजीची पिशवी. केस आता मागे घट्ट बांधलेले, दोन्ही कान उघडे. मी यजमानांना काही न सांगताच उतरले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

तिला इतका आनंद झाला की मी चकित झाले. माझे दोन्ही हात धरले, मंगळसूत्राकडे बघून हसली. "अगो, लग्न केलंस! कळवलं नाहीस ते?"

"पत्ता नव्हता," मी खोटं बोलले.

"काय?" ती माझ्या ओठांकडे बघत होती. "मोठ्याने बोल गो. उजवाही चाललाय आता. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने लवकर. बोर्डावरून मीच उतरले, बिलांचं बघते."

"आणि सिनेमा?" मी जोरात विचारलं.

"चित्रं बघते," ती म्हणाली. "आता लवकर जायची घाई नसते."

कंडक्टरने हाक दिली. मला वाटलं, आता. तीन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोलले. "इंदूताई, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं गं. मी सांगायला नको होतं."

"ऐकू येत नाही, शैले. मोठ्याने."

आजूबाजूला माणसं होती. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. दोन शाळकरी मुली फिदीफिदी हसत होत्या. बसच्या दारात माझे यजमान उभे होते. मला ते शब्द स्टँडभर ऐकू जातील एवढ्या मोठ्याने ओरडावे लागले असते. मी तोंड उघडलं, आणि ओरडून म्हटलं, "बरी आहेस ना, म्हटलं!"

"हो हो, बरी आहे," ती म्हणाली. "तू बरी आहेस ना? जा, गाडी सुटेल."

मी चढले. गाडी मागे सरकून वळली. खिडकीतून पाहिलं तर ती तिथेच उभी होती, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन. मी कुठल्या खिडकीत आहे ते तिला दिसत नव्हतं. एकेका खिडकीकडे बघत ती हसत होती, आणि सगळ्याच गाडीला हात करत होती.